काळा जॅक, पांढरी जिल

जॅक आणि जिलचे इंग्रजी बडबडगीत आपल्याकडच्या बालवाडीतही मुले हातवारे करून म्हणतात. याच नावाची एक जोडी इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात, क्लेटन गावाजवळच्या टेकडीवर उभी आहे. पण ही भावंडे नव्हेत, पवनचक्क्या आहेत!

दोघींत जिल वयाने मोठी. १८२१ साली ती ब्रायटनमध्ये बांधली गेली. तिचे सारे अंग लाकडी, एका जाड खांबावर तोललेले. वाऱ्याने दिशा बदलली की अख्खी चक्की फिरवायची. १८५२ मध्ये बैल आणि घोडे जुंपून तिला या टेकडीवर ओढून आणले. जॅक १८६६ चा. तो विटांचा मनोरा, त्याची फक्त टोपी फिरते.

पुढे वाफेवरच्या मोठ्या गिरण्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इथले दळण थांबले. बिनकामाची चक्की फार दिवस टिकत नाही. ही जोडी टिकली, कारण तिथे माणसे राहायला आली. एडवर्ड मार्टिन यांनी इथल्या वास्तव्यावर पुस्तकच लिहिले, ते १९२१ मध्ये निघाले. १९५३ मध्ये गोल्फवर लिहिणारे नामवंत पत्रकार हेन्री लाँगहर्स्ट यांनी दोन्ही चक्क्या विकत घेतल्या.

चक्कीत राहायचे म्हणजे केवढी मौज, असे आपल्याला वाटते. पण गोल भिंतीला कपाट टेकवून पाहा! मनोरा वर निमुळता होत जातो, तशा खोल्याही आक्रसतात आणि प्रत्येक वस्तूसाठी जिना. १९६३ मध्ये लाँगहर्स्ट यांनी शेजारी नवे घर बांधले. १९७८ मध्ये ते वारले.

त्याच सुमारास स्वयंसेवकांनी मोडकळीला आलेली जिल दुरुस्तीला घेतली. १९८६ मध्ये तिने पुन्हा पीठ दिले. पण पुढच्याच ऑक्टोबरात दक्षिण इंग्लंडवर भयंकर वादळ आले. ब्रेक लावलेला असूनही पाती फिरू लागली आणि घर्षणाने ब्रेकच्या लाकडाने पेट घेतला. त्या रात्री काही स्वयंसेवक वाऱ्याशी झुंजत टेकडीवर पोचले, म्हणून ती वाचली.

जॅकला घराने तारले, पण दळण कायमचे सुटले. तो खासगी मालकीचा, बाहेरूनच पाहायचा. जिलच्या दारात मात्र उन्हाळ्यातल्या रविवारी पाहुण्यांची वर्दळ असते आणि वारा चांगला असला, तर जाते फिरताना दिसते.