बारा पावलांचा हिवाळा

उत्सुनोमिया (जपान), जानेवारी

टोकियोच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या या शहरात बर्फ फारसा टिकत नाही. दिवसा लख्ख ऊन असतं. रात्री मात्र पारा शून्याखाली जातो आणि डोंगराकडून कोरडा, झोंबरा वारा सुटतो.

शेजारच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. त्या एकट्याच राहतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला कोतात्सूत बसवलं. कोतात्सू म्हणजे बुटकं टेबल, त्याखाली विजेची शेगडी आणि वरून रजई. पाय छान शेकत होते, पण बोलताना तोंडातून वाफ निघत होती. हात धुवायला उठलो, तर मधला बोळ फ्रीजसारखा गार. कोतात्सूपासून न्हाणीपर्यंत बारा पावलं. जपानी हिवाळ्याचा खरा धोका या बारा पावलांत आहे.

इथे बसायची खोली तेवढी तापवतात, अख्खं घर नाही. घर उन्हाळ्याचा विचार करून बांधावं, असं चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूनं लिहून ठेवलं होतं. जुनी लाकडी घरं आजही त्याच वळणाची आहेत. भिंती पातळ, काचा एकेरी. उलट बर्फात बुडालेल्या होक्काइदोत घरं जाड अस्तराची आणि आतून उबदार. परिणाम उफराटा: 2014च्या आकडेवारीत हिवाळ्यात मृत्यू वाढण्याचं प्रमाण होक्काइदोत सगळ्यात कमी होतं आणि आमच्या तोचिगी प्रांतात सगळ्यात जास्त!

त्यात जपानी माणसाला रात्री टबात गळ्यापर्यंत बुडून बसल्याशिवाय झोप येत नाही. उबेतून उठून तो गारठलेल्या खोलीत कपडे उतरवतो, तेव्हा रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. कढत पाण्यात शिरला की त्या सैलावतात, दाब झपकन उतरतो. भोवळ आली की डोकं पाण्याखाली. याला इथे ‘हीट शॉक’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण हा अर्थ जपानी. टबात बुडून दगावणारे वृद्ध रस्त्यावरच्या अपघातांत जाणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

म्हणून सरकारचं ग्राहक खातं दर हिवाळ्यात तेच बजावतं: कपडे बदलायची खोली आधी तापवा, पाणी 41 अंशांपर्यंतच ठेवा, दहा मिनिटांत बाहेर या, उठताना सावकाश उठा, जेवून किंवा दारू पिऊन लगेच टबात शिरू नका. एप्रिल 2025पासून नव्या घरांना ऊब टिकवण्याचे निकष सक्तीचे झाले आहेत. पण म्हातारी माणसं राहतात ती जुन्या घरांत.

आपल्याकडचे आई-वडील हिवाळ्यात इथल्या मुलांकडे आले, तर बादलीनं अंघोळ करणाऱ्यांना बुडायची भीती नाही. पण पहाटे उठल्या उठल्या अंघोळ उरकायची सवय इथे सोडलेली बरी. घर सगळ्यात गार असतं ते त्याच वेळी.

सरकारी यादीत आणखी एक सूचना असते: अंघोळीला जाताना घरच्यांना सांगून जा. एकट्या माणसानं कोणाला सांगायचं? आजींनी तोड काढली आहे. ऊन असतानाच, दुपारी चारला त्या मला फोनवर निरोप धाडतात: ‘चालले.’ मग सव्वाचारच्या सुमारास दुसरा येतो: ‘आले.’ तो येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं.