नर्सरी आणि चिंचोके

जून जवळ आला की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते, "ताई, पोराला नर्सरीत टाकायचं आहे." पोरगं असतं तीन वर्षांचं!

मीही माझ्या मुलीला अशीच घाईनं टाकली. घरी आली की अक्षरं गिरवायला बसवायची. पेन्सिल दिसली की ती रडायची. पेन्सिल धरायचं बळ बोटांत आधी यावं लागतं, हे मला उशिरा कळलं. ते कणकेच्या गोळ्याशी खेळून, शेंगा सोलून, चिंचोके वेचून येतं. वाटीत दहा चिंचोके मोजून टाकले की 'दहा' म्हणजे किती तेही समजतं.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी समुद्रकाठच्या बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ सोबतीला होत्या. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. शंख-शिंपले, पानं, बिया हीच तिथली खेळणी.

पहिलीला वयाची सहा वर्षं लागतात. म्हणून कर्ज काढण्याआधी एक सकाळ आपल्या अंगणवाडीत बसून पाहा. तिथे नुसता खाऊच वाटला जात असेल, तर गटानं मिळून सेविकाताईंशी बोला. चिंचोके आपण देऊ. फक्त लहानग्यांच्या नाकातोंडात जाणार नाहीत, एवढं बघा.