सात-ए म्हणजे कोणते सात-ए? प्रस्तरारोहणाच्या दोन काठिण्यश्रेणी

जळगावहून रेल्वेने मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला मनमाडजवळ हडबीच्या शेंडीचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. धरणगाव, एरंडोलच्या सपाट, काळ्या जमिनीच्या मुलखातील विद्यार्थ्यांना त्याचे कुतूहल वाटले तर नवल नाही. शिवाय २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून कृत्रिम भिंतीवरील आरोहण हा ऑलिंपिक खेळ झाला आहे. तेव्हा या खेळाच्या नोंदी वाचण्याची वेळ शिक्षकांवर व अधिकाऱ्यांवर केव्हाही येऊ शकते. त्या वाचताना काठिण्यश्रेणींच्या बाबतीत हमखास घोटाळा होतो.

आरोहणाचे दोन प्रकार येथे लक्षात घ्यावयाचे. पहिला दोर बांधून कडा चढण्याचा. दुसरा बोल्डरिंगचा, म्हणजे चार-पाच मीटर उंचीचे शिलाखंड दोराविना, खाली जाड गादी अंथरून चढण्याचा. मुंब्रा व कान्हेरी परिसरातील शिळांवर मुंबईकर आरोहक अनेक वर्षे हा सराव करीत आले आहेत. १९५४ साली स्थापन झालेल्या 'गिरिविहार' संस्थेने तर २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत भरविली.

या दोहोंतील श्रम भिन्न जातीचे आहेत. सरकीचे भरलेले पोते एका हिसक्यात पाठीवर घेणे वेगळे आणि बेताचे ओझे घेऊन चार कोस चालणे वेगळे. बोल्डरिंगची श्रेणी मोजक्या पाच-दहा हालचालींचे काठिण्य सांगते. दोरावरील श्रेणीत वीस-तीस मीटर टिकून राहण्याचा दमही धरलेला असतो.

अमेरिकेत या दोन्ही श्रेणींची रूपेच वेगळी आहेत. दोरासाठी ५.११, ५.१२ असे आकडे, तर शिळांसाठी जॉन शर्मन यांच्या नावाशी निगडित 'व्ही' श्रेणी. त्यामुळे तेथे गल्लत होत नाही. फ्रेंच पद्धतीत मात्र दोरासाठीही '७ ए' आणि पॅरिसजवळील फाँतेनब्लोच्या शिळांवरून आलेल्या बोल्डरिंग श्रेणीतही '७ ए'! दोरावरील ७ ए मार्गातील सर्वांत अवघड टप्पा साधारणतः बोल्डरिंगच्या ६ ए ते ६ बी इतकाच असतो. उलट बोल्डरिंगचे ७ ए हे दोरावरील सुमारे ७ सी च्या तोडीचे मानले जाते. अर्थात हे कोष्टक ढोबळच समजावे. ॲडम ओंड्रा यांनी २०१७ साली नॉर्वेत 'सायलेन्स' हा ९ सी श्रेणीचा पहिला मार्ग दोरावर सर केला. त्यातील सर्वांत बिकट टप्पा त्यांनी बोल्डरिंगच्या ८ सी इतका ठरविला होता. बोल्डरिंगमध्ये ९ ए ही श्रेणी सर्वप्रथम सुचविली गेली, ती २०१६ साली नाले हुक्काताइवल यांनी फिनलंडमध्ये चढलेल्या एका शिळेसाठी.

रोमन लिपीत बोल्डरिंगचे अक्षर मोठे व दोरावरील लहान लिहिण्याचा प्रघात आहे. देवनागरीत हा भेद नाहीसा होतो. म्हणून मराठी नोंदीत 'बोल्डरिंग ७ ए' किंवा 'दोर ७ ए' असे स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. स्पर्धांच्या निकालात तर ही श्रेणी येतच नाही. तेथे बोल्डरिंगमध्ये सर केलेले मार्ग व केलेले प्रयत्न आणि दोराच्या स्पर्धेत गाठलेली उंची पाहिली जाते. सबब, प्रमाणपत्रावर श्रेणी नाही म्हणून ते अपुरे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात हाताशी आलेली पकड निखळून येऊ शकते. त्याचा अंदाज या श्रेणींवरून येत नाही. बोल्डरिंगमध्ये तरबेज असलेल्या विद्यार्थ्याला दोराच्या गाठी व सहकाऱ्याचा दोर खालून सांभाळण्याची रीत ठाऊक असेलच असे नाही. त्याला कड्यावर नेण्यापूर्वी शिक्षकांनी याची स्वतंत्र खात्री करून घ्यावी.