प्रातःकाळचे आमचे सहाध्यायी

पहांटेची वेळ विद्याभ्यासास उत्तम, असें आपल्या पूर्वजांनीं ठरवून ठेविलें. परंतु त्या वेळीं घरांत आणखी कोण कोण जागें असतें, याचा विचार त्यांनीं केला होता कीं नाहीं, याविषयीं आम्हांस मोठी शंका आहे. एकत्र कुटुंबांत ब्राह्ममुहूर्त हा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. पांच वाजतां आम्हीं दिवा लावून पुस्तक उघडावें, तोंच मांजर येऊन उघड्या पानावर बसतें. अंगणांत सडा पडावयाच्या आंत कावळा कुंपणावर येऊन आपला हक्क सांगूं लागतो. आणि ओट्याखालीं निजलेला कुत्रा वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची सायकल ऐकतांच असा कांहीं भुंकतो, कीं त्या दिवसाच्या सर्व बातम्या त्यास आधींच कळल्या असून एकही पसंत पडलेली नाहीं!

शास्त्रांनीं गृहस्थास जे पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. स्वतः जेवण्यापूर्वीं पशुपक्ष्यादि जीवांसाठीं अन्नाचा भाग काढून ठेवावा, हा त्याचा आशय. आमच्या वहिनी पहिली पोळी गाईची, हा नेम अद्याप पाळतात. मांजराचा मात्र आपल्या ग्रंथांत फारसा गौरव नाहीं. मनुस्मृतींत दांभिक मनुष्यास मांजराची उपमा दिली आहे. आणि ज्यांचें वैर कायमचें, त्यांच्या द्वंद्वसमासास पाणिनीनें एकवचन सांगितलें, तेथें टीकाकारांनीं ‘मार्जारमूषकम्’ हें उदाहरण दिलें. आमच्या मांजरानें हें सूत्र वाचलेलें दिसत नाहीं. कोठीच्या खोलींतील उंदरांशीं त्याचा तह होऊन बरींच वर्षें लोटलीं.

असो. ही सारी मंडळी आपण होऊन आलेली आहेत. त्यांस कोणीं विकत आणिलें नाहीं कीं कोंडून ठेविलें नाहीं. प्रश्न उभा राहिला तो गेल्या हिवाळ्यांत. आमच्या नऊ वर्षांच्या नातीस आठवड्याच्या बाजारांत कोणा एका विक्रेत्यानें झांकलेल्या टोपलींतून पोपटाचीं पिलें दाखविलीं. घरीं येतांच तिनें आमचा सदरा धरिला. “आजोबा, आपण एक राघू आणूं या ना! मी त्याला बोलायला शिकवीन.”

पक्ष्यावरून घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. वहिनींच्या माहेरीं वाड्याच्या तुळईस पिंजरा टांगलेला असे. त्यांस ही कल्पना फार गोड वाटली. आमचा पुतण्या म्हणाला, “काका, हिला पुस्तकाचा कंटाळा. पोपट आला तर त्याला पढवितां पढवितां हिचेंही पाठांतर होईल.” उलट, त्याचाच थोरला मुलगा कायद्याचा अभ्यास करीत असल्यामुळें त्यानें वडिलांस उभें राहून उत्तर दिलें. आपला देशी पोपट, मग तो नेहमींचा राघू असो वा मोठा पहाडी, पकडणें, विकणें किंवा पिंजऱ्यांत पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. २०२२ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, आणि आतां पोपटाचें नांव दुसऱ्या अनुसूचींत आहे.

कायद्यानें पुतण्या गप्प बसला. परंतु नऊ वर्षांच्या मुलीस अनुसूचीचें काय समाधान? तिचे डोळे भरून आले. तेव्हां आम्हीं तिला दुसऱ्या दिवशीं पहांटे जवळ बसवून एका पोपटाचीच गोष्ट सांगावयास आरंभ केला. गोष्ट आमची नव्हे, बाणभट्टाची. सातव्या शतकांत, हर्षाच्या काळीं, त्यानें ‘कादंबरी’ लिहिली, आणि तिच्या नांवावरून मराठींत त्या जातीच्या सर्व पुस्तकांस कादंबरी म्हणूं लागले. तींत वैशंपायन नांवाचा पोपट पिंजऱ्यांतून शूद्रक राजाच्या सभेंत येतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. पंपासरोवराच्या कांठीं एका प्रचंड सांवरीच्या झाडावर त्याचें घर होतें. एक म्हातारा शबर झाडावर चढला, ढोलींतून पिलें ओढून, मारून खालीं टाकूं लागला. पंखाखालीं झांकून घेणारा बापही मेला. हें पिलूं मात्र वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडून वांचलें, आणि पुढें जाबालि मुनींच्या पुत्रानें त्यास पाणी पाजिलें.

नात बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारिलें, “आजोबा, त्या टोपलींतल्या पिलांचे आईबाबा कुठें असतील?”

स्वयंपाकघरांतही तो प्रश्न ऐकूं गेला असावा, कारण तेथील भांड्यांचा आवाज थांबला. त्याच दिवशीं वहिनींनीं माळ्यावरचा जुना पिंजरा काढून मोडवाल्यास देऊन टाकिला. त्याविषयीं त्या एक शब्द बोलल्या नाहींत, आणि आम्हींही विचारिलें नाहीं.

आतां आमच्या परसांतील पेरूच्या झाडाचीं शेंड्याकडचीं फळें कोणीं तोडावयाचीं नाहींत, असा ठराव आहे. भिंतीवर मातीच्या पसरट परळांत रोज ताजें पाणी भरण्याचें काम नातीनें पत्करलें आहे. आमचा तालुका मिरचीसाठीं प्रसिद्ध. म्हणून ती मिरच्याही मांडून ठेविते. त्या राघूंस आवडतातच असें नाहीं, कारण पेरूपुढें मिरचीस कोण विचारतो! ज्याच्या गळ्याभोंवतीं काळा-गुलाबी कंठा तो नर, कंठा नसलेली बहुधा मादी, हें तिनें स्वतः पाहून ओळखिलें. पुढें तिला मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ आणून दिला. अरण्यांत आयुष्य वेंचून मराठीस पक्ष्यांचीं नांवें देणारे हे गृहस्थ २०२५ सालीं निवर्तले. ज्या मुलीस पुस्तकाचा कंटाळा होता, ती आतां पहांटे आमच्या आधीं दिवा लावून तो कोश घेऊन बसते, आणि आम्हांस मांजराशेजारीं उरलेल्या जागेंत बसावें लागतें.

सुटींत तिला अजिंठ्यास नेलें. अजिंठा गांव आमच्याच तालुक्यांतलें. तेथून घाट उतरून लेण्यांकडे जावें लागतें. सतराव्या लेण्यांत हंसजातकाचें चित्र आहे. पाशांत सांपडलेल्या हंसराजास त्याचा सोबती सोडून जात नाहीं, तेव्हां पारध्याचें मन द्रवून तो फांसा सोडतो, अशी ती कथा. सुमारें पंधराशें वर्षांपूर्वींचें तें चित्र पाहून तिची आजी तिला इतकेंच म्हणाली, “बघ, ज्यानें धरलें त्यानेंच सोडलें.”

पुतण्याचा हेतु वाईट नव्हता. मुलीनें वाचावें, हीच त्याची इच्छा होती. परंतु मुलास पुस्तकापुढें कोंडून बसविलें, तर पढविलेलें तेवढेंच तें बोलतें. यासच आपण पोपटपंची म्हणतों. उलट, परळांत पाणी भरून ठेवावें आणि आपण दूर व्हावें, तसें पुस्तक हातीं लागेल असें ठेवून, आपण स्वतः वाचीत बसावें. येणारें येतेंच. कधीं उशिरा येतें, कधीं अर्धा पेरू टाकून उडून जातें. म्हणून दुसऱ्या दिवशीं पाणी भरावयाचें आपण सोडूं नये.