‘पंपिंग’च्या आकड्यामागचं हृदय

हार्ट अटॅकनंतर घरात एकच आकडा फिरत राहतो: ‘पंपिंग चाळीस टक्के आहे.’ ऐकणाऱ्याला वाटतं, साठ टक्के हृदय गेलं. तसं अजिबात नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचं हे प्रमाण. १२० मिलिलिटर भरलं आणि ७२ बाहेर गेलं, तर पंपिंग ६० टक्के, आणि ते निरोगी हृदयाचं आहे. शंभर टक्के कुणाचंच नसतं. याहून घातक समज म्हणजे पहिल्या आठवड्यातला आकडा कायमचा असतो, हा. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला, की स्नायू जिवंत असूनही काही दिवस, कधी काही आठवडे, नीट आकुंचन पावत नाही. १९८२ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी या ‘बधिर’ स्नायूकडे लक्ष वेधलं. म्हणूनच पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलं, तरी आयसीडी (घातक लय सुरू झाली की झटका देऊन ती थांबवणारं यंत्र) बसवण्याचा निर्णय सहसा अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबून घेतात.

मेलेला स्नायू कोणता आणि बधिर कोणता, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय तो आकडा काढणारा टूडी एको मोजक्या प्रतिमांवरून कप्प्याचा आकार गृहीत धरून आकारमान काढतो. अटॅकनंतर भिंत एकीकडे फुगली, की ते गृहीतक डळमळतं. एमआरआय बुडापासून टोकापर्यंत पातळ चकत्यांसारख्या प्रतिमा घेऊन बेरीज करतो. पण एमआरआय म्हणजे नुसता जास्त स्पष्ट फोटो, हा समजही अपुरा आहे. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम धडधाकट पेशींत शिरत नाही. व्रणाच्या जागी मात्र ते साठतं आणि उशिरा निघतं. दहाएक मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमेत व्रण पांढरा चमकतो. शिकागोत रॉबर्ट किम यांच्या गटानं ५० रुग्णांची अशी तपासणी रक्तपुरवठा पूर्ववत करण्याआधी केली आणि निष्कर्ष २००० मध्ये मांडले. दुबळ्या भागांपैकी जिथे व्रण नव्हता, तिथे ३२९ पैकी २५६ भाग सुधारले. जिथे भिंतीचा ७५ टक्क्यांहून अधिक भाग पांढरा होता, तिथे ५८ पैकी फक्त एक.

स्टेंट घातल्यावर एमआरआय चालत नाही, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. आजचे स्टेंट चुंबकानं हलत नाहीत. मूत्रपिंडं फार खालावली असतील, तर मात्र गॅडोलिनियमचा विचार जपून करावा लागतो. खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. स्नायू जिवंत आहे हे कळून उपयोग काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील रिव्हाइव्हड चाचणीत पंपिंग बरंच खालावलेले, पण जिवंत स्नायू शिल्लक असलेले ७०० रुग्ण होते. औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्यानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, आणि ‘स्नायू जिवंत आहे म्हणून स्टेंट घाला’ हे सरधोपट गणित तो मोडतो. पण ते रुग्ण ताज्या अटॅकचे नव्हते, आणि एमआरआयचं काम स्टेंट ठरवण्यापुरतं नाही. एकोत हृदय स्पष्ट दिसलं तर बहुतेकांना तेवढं पुरतं. दिसलं नाही, तर हृदयाच्या टोकाशी धरलेली, एकोतून निसटलेली रक्ताची गुठळी एमआरआयमध्ये सापडू शकते. मग रक्त पातळ करणारं औषध त्याच आठवड्यात सुरू करता येतं.