सुई टोचून ठेवायची जागा

उन्हाळ्यात आमच्या घरी आठ-दहा दिवस असे यायचे, की जेवणाची पानं ओटीवर मांडावी लागत. पापड-कुरडयांचे डबे भरून झाले की आजी गोधडी शिवायला काढायची आणि मग माजघर बंद. धुऊन, कडक उन्हात वाळवलेल्या जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडांवर पाटा, वरवंटा, अडकित्ता, जे सापडेल ते वजनाला ठेवायचं आणि बाजूंनी शेजारणी बसायच्या. दिवस कलला की आजी शेवटच्या टाक्यापाशी सुई टोचायची, उरलेला दोरा तिच्याभोवती गुंडाळायची आणि गोधडीची वळकटी करून वलणीवर टाकायची. दुसऱ्या दुपारी वळकटी उलगडली की हात थेट सुईवर.

‘शिवणाची खोली’ असं काही आजीच्या ऐकिवात नव्हतं. पण अशा खोलीत जे मुख्य असायला हवं ते तिच्याकडे होतं : अर्धं राहिलेलं काम तसंच ठेवण्याची सोय. आज आपल्याकडे कपाटं असतात, रंगवार लावलेली रिळं असतात, तरी शिवण अडतं; कारण दर वेळी जेवणाचं टेबल रिकामं करून मशीन मांडायचं आणि पोळ्यांच्या वेळेला पुन्हा उचलायचं. म्हणून खोली लावताना, किंवा खोलीचा कोपरा लावताना, सामान कुठे मावेल हा प्रश्न दुसरा. आधी ठरवावं, की दारावरची बेल वाजली आणि मी उठले, तर हातातलं काम कुठे राहील?

कापा, शिवा, दाबा, पसरा

शिवणाला चार जागा लागतात. एकाच टेबलावर चारही उरकायला गेलं की आवराआवरीतच दुपार जाते.

कापड कापायचं ते उभ्यानं. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. त्यावर वाकून तासभर कापलं की कंबर बोलते. स्वयंपाकाचा ओटा जसा उभ्यानं काम करायला सोयीचा, तसंच हेही टेबल हवं : ३४ ते ३६ इंच. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले तरी भागतं, फक्त ते हलता कामा नयेत.

मशीनपाशी मात्र बसायचं, तेव्हा तिथे २८ ते ३० इंच पुरे. खरी अडचण वेगळीच असते. घरगुती मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात जेमतेम साडेसहा-सात इंचांची फट असते. गोधडी मध्यावर शिवताना तिचा अर्धा भाग गुंडाळून त्या फटीतून न्यावा लागतो आणि उरलेला अर्धा डावीकडे लोंबतो. त्या वजनानं कापड ओढलं जातं, टाके लहान-मोठे पडतात, सुई वाकते. म्हणून मशीनच्या डावीकडे तेवढ्याच उंचीचं दुसरं टेबल लावावं आणि मागची बाजू भिंतीला टेकवावी, म्हणजे कापड पलीकडे पडत नाही.

तुकडे जोडताना प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवावी लागते. पाव इंचाची शिवण दाबली नाही तर चौकोन चौकोनाशी जुळत नाही. तेव्हा इस्त्री दोन पावलांवर असावी. पण हजार वॉटची इस्त्री आणि मशीन एकाच एक्स्टेन्शनवर नकोत. इस्त्रीला भिंतीतलं स्वतंत्र पॉइंट द्यावं.

राहिली पसरायची जागा. ती म्हणजे जमीनच. थर सारखे करून मधून बाहेर हात फिरवायचा आणि वीतभरापेक्षा कमी अंतरावर टाचण्या किंवा कच्चे टाके घालायचे, हे काम टेबलावर नीट होत नाही. सात बाय पाच फूट फरशी मोकळी राहील, एवढं पाहून मगच कपाट घ्यावं.

लाकडी पेटीतली खोली

जागा कमी असेल तर पायमशीनकडे पाहावं. आयझॅक सिंगरनं अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. पुढे लाकडी टेबलासकट पायमशिनी घराघरांत गेल्या. आपल्याकडे १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ तयार होऊ लागली. त्या टेबलाची रचना बघा : बाजूंना खण, वर उघडणारी फळी, आणि काही टेबलांत तर मशीनच खाली पोटात जातं. डाव्या हाताची फळी उघडली की कापडाला आधार. शिवणाची सगळी सोय दोन-अडीच हातांत मावते. पट्टा जीर्ण झाला म्हणून असं मशीन भंगारात देऊ नये. पट्टा बदलून मिळतो.

लुगड्याचं गणित

कापड साठवताना ढीग घालू नये. ढिगात खालचं काढायचं म्हणजे वरचं सगळं पाडायचं. एका मापाचा पुठ्ठा घ्यावा, त्यावर प्रत्येक कापड गुंडाळून पुस्तकांसारखं उभं लावावं. उन्हाची तिरीप त्यावर येऊ देऊ नये. घड्यांच्या कडा विटतात. नवं सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून मगच फळीवर जावं, नाहीतर ते गोधडीत गेल्यावर आटतं आणि शेजारच्या तुकड्याला सुरकुत्या पाडतं. पावसाळ्यापूर्वी सगळं एकदा उन्हात घालावं. कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा.

चिंध्या रंगानं नव्हे, मापानं वेगळ्या कराव्यात : हातभर तुकडे एका डब्यात, पट्ट्या दुसऱ्यात, तळहाताएवढे तिसऱ्यात. त्याहून लहान ते उशीत भरायला.

जुनी साडी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलका हिसका द्यावा. विरलेली जागा तिथेच कळते. नऊवारीचं मोल मात्र वेगळं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडी अधिक लांबी आणि लुगड्याचा पूर्ण पन्हा, म्हणजे एका माणसाचं पांघरूण. चार घड्यांची म्हणून ती चौघडी.

फरशी मोकळी होणारच नसेल, तर पद्धत बदलावी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर भागात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात, तुकडा ठेवत, त्याची कड दुमडत, धावदोरा घालत मध्याकडे येतात. आधी सगळा नमुना मांडून टाचून घ्यावा लागत नाही. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. खिडकीपाशी बसून, मांडीवर घेऊन करता येईल असं हे काम आहे.

हाताशी काय हवं

कापडाची कात्री वेगळी, कागदाची वेगळी. कापडाच्या कात्रीला रंगीत दोरी बांधावी, म्हणजे घरातलं कुणी तिनं दुधाची पिशवी कापणार नाही. सांडलेल्या टाचण्या उचलायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक उत्तम. मशीनमध्ये कोणत्या नंबरची सुई आहे याची चिठ्ठी मशीनलाच चिकटवावी : पातळ कापडाला ११, रोजच्या सुतीला १४, जाड थरांना १६ किंवा १८. वाकलेल्या सुया झाकणाच्या बाटलीत टाकाव्यात, केराच्या टोपलीत नाही. जुना दोरा हातानं ताणून पाहावा. सहज तुटला तर मोह सोडावा. गोधडी शिवताना कापसाचा भुगा बॉबिनखाली साठतो, तो ब्रशनं वरचेवर काढावा. उजव्या हातानं टाके घालणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

आणि दाराच्या मागे दोन मजबूत हुक लावून त्यांवर प्लास्टिकचा जाड पाइप आडवा टेकवावा. ही आपली वलणी. माझी सध्याची गोधडी गेले तीन महिने त्यावर गुंडाळलेली आहे. कधी वीस मिनिटं मिळतात, कधी दहा. पाइप उतरवते, हातभर उलगडते, शिवते आणि उठताना शेवटच्या टाक्यापाशी सुई टोचून ठेवते.