बॅटरी काढावी कशी, जोडावी कशी

आमच्या शेजारच्या एका तरुणाच्या उजव्या हाताच्या बोटावर गोल डाग आहे. लांबून पाहिले तर अंगठीच वाटते. पण ती अंगठी नव्हे. तो भाजल्याचा डाग आहे.

झाले ते असे. पेरणीचे दिवस होते. ट्रॅक्टर सुरू होईना. बॅटरी काढून चार्जिंगला न्यावी असे ठरले. अंधार पडला होता, म्हणून आम्ही विजेरी धरून जवळ उभे राहिलो. तरुणाने पाना घेतला आणि जो नट आधी हाताशी आला तोच फिरवू लागला. फिरवता फिरवता त्याच्या बोटातली अंगठी पान्यालाही लागली आणि ट्रॅक्टरच्या लोखंडालाही टेकली. लखकन ठिणगी उडाली. "मेलो, मास्तर!" म्हणून तो ओरडला. एका क्षणात अंगठी तापून बोटात रुतली होती.

आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. पण कोणता नट आधी सोडावा, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याचे बोट वाचले असते. पुढे आम्ही ते नीट समजून घेतले. तेच आज सांगतो.

बॅटरीत असते काय?

१८५९ साली फ्रान्स देशात गॅस्टन प्लांटे या शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची बॅटरी केली. ती पुन्हा पुन्हा भरता येत असे. आजही बहुतेक मोटारी, जीप आणि ट्रॅक्टर यांत त्याच जातीची बॅटरी असते. तिच्या आत सहा कप्पे असतात. एक कप्पा सुमारे २ व्होल्टचा. सहा दुणे बारा. म्हणून ही बॅटरी १२ व्होल्टची. कप्प्यांत शिशाचे पत्रे आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. लोक त्याला ॲसिड म्हणतात.

घरातली वीज २३० व्होल्टची. तिचा झटका बसतो. बॅटरीला हात लावला तर सहसा झटका बसत नाही. म्हणून लोक म्हणतात, "हिला काय भ्यायचं?" इथेच चूक होते. घरातला पंखा अर्धा अँपिअर वीजसुद्धा घेत नाही. गाडीचा सेल्फ मारताना मात्र हीच बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर देते. एवढी वीज लोखंडाच्या पान्यातून धावली तर पाना लालभडक होतो. मग अंगठीची काय कथा!

दुसरी भीती वायूची. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. पण ठिणगी पडली की तो भडकतो. बॅटरी फुटते आणि ॲसिड डोळ्यांत उडते. म्हणून बॅटरीपाशी विडी नको, काडी नको, कंदील नको. पाणी किती आहे हे काडी पेटवून तर कधीच पाहू नका.

वजा आधी का?

बॅटरीवर शिशाच्या दोन खुंट्या असतात. एकीजवळ अधिकची खूण (+), दुसरीजवळ वजाची खूण (−). आपण बेरीज-वजाबाकीत शिकलो त्याच ह्या खुणा. बहुधा अधिकची तार लाल आणि वजाची काळी असते. पण तारा बदललेल्या असू शकतात. म्हणून रंगावर जाऊ नका, खूण वाचा.

आता वजाची तार कुठे जाते ते पाहा. ती गाडीच्या लोखंडी अंगाला बोल्टने जोडलेली असते. म्हणजे गाडीचे सारे लोखंड हीच वजाची तार झाली.

अधिकचा नट आधी सोडायला गेलो आणि पाना लोखंडाला लागला, तर अधिक आणि वजा यांची थेट गाठ पडते. ठिणगी उडणारच. वजाचा नट आधी सोडला तर? पाना लोखंडाला लागला तरी वजाला वजाच लागले. काही होत नाही. एकदा वजाची तार सुटली की गाडीच्या लोखंडाचा बॅटरीशी संबंध तुटला. रहाटाची माळ एका जागी तोडली की सारी माळ थांबते, तसेच हे. मग अधिकचा नट निर्धास्तपणे सोडावा. मात्र पाना दोन्ही खुंट्यांवर एकदम आडवा पडू देऊ नये.

फार जुन्या काही गाड्यांत उलट असते. तिथे अधिकची तार लोखंडाला जोडलेली असते. म्हणून खरा नियम असा: जी तार गाडीच्या अंगाला जोडलेली, ती आधी सोडावी आणि शेवटी जोडावी.

काढताना

१. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करा. इंजिन आणि दिवे बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा. इंजिन चालू असताना तार कधीही सोडू नका.

२. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत. पाण्याची बादली जवळ ठेवा.

३. वजाचा नट सैल करा. तारेची पकड हलके हलवून वर उचला. हातोडी मारू नका. सुटलेली तार कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा.

४. मग अधिकची तार सोडा.

५. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी काढा. बॅटरी जड असते. दोन्ही हातांनी, सरळ उचला. कलती करू नका, ॲसिड सांडेल.

खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. ती बोटाने खरवडू नका. झाकणे घट्ट आहेत ना ते पाहा. मग पाण्यात खाण्याचा सोडा कालवा आणि जुन्या ब्रशाने खुंट्या घासा. सोड्याचे पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नका. खुंट्या पुसून कोरड्या करा.

जोडताना

आता क्रम उलटा. बॅटरी पूर्वीच्याच दिशेने बसवा. पट्टी आवळा. आधी अधिकची तार, शेवटी वजाची. नट घट्ट असावेत, पण शिसे मऊ असते, फार जोर लावू नका. वर थोडे व्हॅसलीन चोळा. तारा उलट जोडल्या तर गाडीतली विजेची यंत्रे जळतात. म्हणून जोडण्यापूर्वी खुणा पुन्हा एकदा वाचा.

नव्या गाडीत घड्याळ वगैरे पुन्हा लावावे लागते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचा. विजेवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्यातल्या केशरी जाड तारांना घरी हात लावू नका.

ॲसिड उडाले तर

डोळ्यांत गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटे डोळे धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. अंगावर उडाले तर भिजलेले कपडे काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांना किंवा अंगाला सोडा लावू नका.

आमच्या शेजाऱ्याने ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पेटीवर आता रंगाने एक ओळ लिहून ठेवली आहे. अक्षरे थोडी वाकडी आहेत, पण त्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. ती ओळ अशी:

काढताना वजा आधी. जोडताना वजा शेवटी.

आपणही ती आपल्या गाडीवर लिहा.